हात मागे, ताट पुढे

समोर सगळे त्यांना ‘सिस्टर’ म्हणत आणि त्यांची पाठ वळली की ‘हातमागे बाई’. हे टोपणनाव बाईंच्या कानावर आले नव्हते अशातला भाग नाही. भिंतींना कान असतात आणि वॉर्डातल्या पडद्यांना तर तोंडही असते. पण त्यांनी त्याचा राग कधी धरला नाही. नाव ठेवायला माणसाला आधी काहीतरी दिसावे लागते, आपले काम दिसले एवढे पुष्कळ झाले, असे त्यांचे मत होते.

आणि दिसण्यासारखे होतेच ते. पुरुषांच्या त्या लांबट वॉर्डात जेवणाची गाडी आली की परिचारिका खाटेपाशी जात, ताट ठेवत, रुग्णाला नीट बसते करत आणि मग दोन्ही हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. रुग्ण चमचा उचलो, सदऱ्याची गुंडी लावो की पायात चप्पल सरकवो. जोवर तो खरोखर अडत नाही तोवर हात मागे. नवख्या नातेवाइकांना वाटे की जेवणाआधी इथे कवायत होते.

या शिस्तीचा उगम एका वर्गात होता. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षी एका शिक्षिकेने जांभई आवरत एक सिद्धांत सांगितला होता. स्वतःची काळजी घेण्याची ताकद प्रत्येक माणसात असते. आजारपणात ती कुठेतरी कमी पडते. परिचारिकेने ती नेमकी कुठे कमी पडते ते शोधावे, तेवढीच भर घालावी आणि माणूस सावरला की आपला हात काढून घ्यावा. वर्गातल्या मुलींनी हे घोकले, उत्तरपत्रिकेत ओतले आणि परीक्षेच्या दालनातून बाहेर पडताना पायपुसण्यावर पुसून टाकले. शिक्षिकेची अपेक्षाही त्याहून मोठी नव्हती. सिद्धांत परीक्षेला आणि अक्कल वॉर्डाला, अशी या व्यवसायात पूर्वापार वाटणी आहे. बाईंना मात्र त्यातला ‘तेवढीच’ हा शब्द कुसळासारखा रुतला. तेवढीच म्हणजे किती आणि ते ठरवायचे कसे, असे त्यांनी उभे राहून विचारले, तेव्हा शिक्षिकेने घड्याळाकडे पाहिले. उत्तर बाईंना स्वतःच शोधावे लागले आणि ते शोधण्यात त्यांची सारी नोकरी गेली.

इथे एक कडू गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. परिचारिकेविषयी बोलताना लोकांची जीभ फार गोड होते. ती करुणेची मूर्ती, ती सेवेची ज्योत, ती साक्षात माउली. वर्षातून एकदा तिच्या हाती गुलाबाचे फूल दिले जाते आणि उरलेले वर्षभर तिला बसायला खुर्ची दिली जात नाही. मूर्तीचे एक बरे असते. तिने विचार करावा अशी कुणाची अपेक्षा नसते. डॉक्टरने उपचारामागचे तत्त्व सांगितले की माना डोलतात. परिचारिकेने सांगू लागावे, तर कुणीतरी मध्येच म्हणते, ‘सिस्टर, ती चादर तेवढी बदलता का?’ बाई चादर बदलत आणि चादर बदलता बदलता वाक्य पुरे करत. एवढा हट्ट नसता तर हा सिद्धांत त्या वॉर्डात पोहोचलाच नसता.

त्याचा पहिला प्रयोग घरात झाला होता. सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडले, यथावकाश प्लास्टर निघाले. पण हात उशीवर ठेवून त्या बसल्या त्या बसल्याच. पेला उचलून द्या, केस विंचरून द्या. बाईंनी पेला आधी हाताच्या अंतरावर ठेवला, मग टेबलावर, मग फडताळात. नणंद माहेरी आली होती, तिने विचारले, ‘आई, तुझी सून नर्स आहे का जेलर?’ छापखान्यात मुद्रिते तपासणारे नवरोबा मित्रांना सांगत, आमच्या घरी पाणी मागितले की आधी सिद्धांत मिळतो, मग पाणी. मनगट अखेर सुटले. सुनेचा कठोरपणा शेजारणींना सांगताना सासूबाई त्याच हाताने इतके हातवारे करू लागल्या की आणखी पुरावा देण्याची बाईंना गरज उरली नाही.

अशा बाईंच्या वॉर्डात शिंपीकाका आले. डाव्या अंगावरून वारे गेलेले. डावा हात आणि डावा पाय लुळा, उजवा हात शाबूत आणि जीभ पूर्वीपेक्षा धारदार. जन्म शिवणयंत्रावर गेलेला. रुग्णालयाच्या सदऱ्यावरही त्यांनी गळ्यात टेप लटकवलेला असे. येणाऱ्याजाणाऱ्याच्या कपड्यांना नावे ठेवणे हा त्यांचा विरंगुळा होता आणि त्यातून कुणाची सुटका नव्हती. राऊंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांना त्यांनी पहिल्याच दिवशी ऐकवले होते, ‘साहेब, डिग्र्या भारी आहेत, पण कोटाचा डावा खांदा उतरलाय.’ मोठे डॉक्टर हसले. मात्र पुढच्या राऊंडला दुसरा कोट घालून आले.

काकांची एकुलती एक लेक न्यायालयात टंकलेखिका होती. घरी दोघेच. ती रोज सकाळी कामावर जाण्याआधी आणि संध्याकाळी कामावरून परस्पर येई आणि पहिल्या दिवसापासून बापाला स्वतःच्या हाताने भरवी. बाईंनी तिला थांबवले. उजवा हात चांगला आहे त्यांचा, चमचा त्यांच्या हाती द्या, असे सांगितले. लेकीने चमचा दिला, पण मनातून दिला नाही.

काका स्वतः जेवू लागले आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. ताट अर्धेच परत येऊ लागले. संध्याकाळी लेक आली की काका तक्रार करत, पोट भरत नाही, इथले लोक अर्धपोटी ठेवतात. परिचारिका म्हणत, समोर वाढलेले टाकतात आणि वर कांगावा करतात. लेकीकडून भरवून घ्यायची सवय लागली आहे, दुसरे काही नाही. बाईंनाही ते पटले. हट्टी रुग्ण त्यांनी कमी पाहिले नव्हते आणि स्वतःचा हट्ट त्याहून मोठा असल्याची त्यांना खात्री होती. पण काका वाळत चालले. एका सकाळी उभे करताना त्यांना घेरी आली आणि दोन परिचारिकांनी धरले म्हणून ते पडले नाहीत.

त्याच दिवशी लेकीचा तक्रारअर्ज मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला. न्यायालयात आयुष्य काढलेल्या टंकलेखिकेचा अर्ज तो. त्यात एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. ‘परिचारिका हात मागे बांधून उभ्या राहतात आणि माझे वडील उपाशी राहतात,’ असे त्यात लिहिले होते. या वाक्यात खोटे काहीच नव्हते, आणि तेच बाईंना झोंबले.

मोठ्या डॉक्टरांनी त्यांना बोलावून घेतले. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा, की तत्त्वज्ञान कॉलेजात शोभते, वॉर्डात माणसांची पोटे भरावी लागतात. सोमवारच्या राऊंडनंतर ते लेखी आदेश काढणार होते: यापुढे अंथरुणावरच्या सगळ्या रुग्णांना परिचारिकांनी भरवावे, हात मागे बांधण्याचा प्रकार बंद.

‘भरवलं तर आज पोट भरेल, साहेब,’ बाई म्हणाल्या. ‘ते जेवत का नाहीत, ते मला शोधू द्या.’

‘सोमवारपर्यंत शोधा,’ मोठे डॉक्टर म्हणाले. त्यांनी समोरचा कागद ओढून घेतला, म्हणजे बोलणे संपले होते.

बाहेर व्हरांड्यात लेक उभी होती. ती भांडेल अशी बाईंची तयारी होती, पण ती भांडली नाही. मी दिवसभर कोर्टात असते, घरी त्यांच्याजवळ कुणी नाही, हाताने जेवता आले नाही तर मला त्यांना वृद्धाश्रमात ठेवावे लागेल आणि तिथे ते महिनाभरही काढणार नाहीत, एवढे तिने सरळ आवाजात सांगितले. मग म्हणाली, ‘तुमचा सिद्धांत बरोबर असेल, सिस्टर. माझा बाप चुकीचा निघाला.’

हा टोला खाऊन बाई वॉर्डात परतल्या.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या गाडीच्या आकड्यात अडकून त्यांच्या पांढऱ्या कोटाची उजवी बाही खांद्यापाशी टरकन उसवली. आतला सदरा दिसू लागला. वॉर्डभर त्याची चर्चा झाली. मोतीबिंदूवाले आजोबासुद्धा म्हणाले, ‘सिस्टर, आज एक खिडकी उघडी ठेवलीय वाटतं.’ शिंपीकाकांच्या खाटेपाशी जाताना बाईंनी मनाची तयारी केली. आता उभे-आडवे ऐकून घ्यावे लागणार. काकांनी त्यांना नीट न्याहाळले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, ‘डाव्या खिशाची टीप सुटायला आलीय, सिस्टर. वेळेत बघा.’

उसवलेल्या बाहीविषयी चकार शब्द नाही.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. डाव्या खिशाचा सुटू घातलेला एक धागा दिसतो आणि हातभर उसवलेली उजवी बाही दिसत नाही? त्यांनी आठवून पाहिले. मोठ्या डॉक्टरांचा डावा खांदा. झाडूवाल्याची डावी कॉलर. लेकीच्या डाव्या बाहीची गुंडी. ज्याला त्याला काकांनी डावीकडची नावे ठेवली होती, आणि समोरच्याची डावी बाजू म्हणजे पाहणाऱ्याची उजवी. मग त्यांना परत आलेली ताटे आठवली. कप्प्याकप्प्यांच्या त्या ताटात भाजी आणि केळे नेहमी डावीकडे असे, आणि नेहमी तेच उरलेले असे.

त्यांनी ड्रेसिंगची एक लांब पट्टी फाडून काकांसमोर टेबलावर अंथरली. ही मधोमध कापायची आहे, कुठे कापू, असे विचारले. नजरेने कापडाचा मध्य काढण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याने बेधडक बोट ठेवले. बाईंनी तिथे घडी घातली. उजवीकडचा तुकडा आखूड आला आणि डावीकडचा चांगला दुप्पट. काकांनी दोन्ही टोके चाचपली. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला आणि मग ते ठामपणे म्हणाले, ‘पट्टी ताणलीत तुम्ही.’

काकांचा डोळा अधू नव्हता. मेंदूला झालेल्या जखमेने मनाचा डावीकडे जाणारा रस्ताच बुजवला होता. डावी बाजू म्हणून काही असते हेच ज्याला आठवत नाही, तो डावीकडची भाजी मागणार कशी? अर्धे ताट त्याच्यापुरते पूर्ण होते, आणि ते संपले की लोक अर्धपोटी ठेवतात हेही त्याच्यापुरते खरेच होते.

बाईंना स्वतःचा सडकून राग आला. ताकद नेमकी कुठे कमी पडते ते शोधा, हे वाक्य त्यांनी इतरांना इतक्यांदा ऐकवले होते, आणि या खाटेपाशी मात्र उजवा हात धड आहे एवढे पाहून त्या मोकळ्या झाल्या होत्या. हात मागे घेण्याची शिस्त त्यांनी लावली होती. हातांच्या मागोमाग डोळेही मागे गेले, ते त्यांच्या लक्षात आले नव्हते. पण राग ही त्यांच्या घरातली जुनी मोलकरीण होती. तिला कामाला कसे जुंपायचे हे त्यांना चांगले माहीत होते. वॉर्डातल्याच दोऱ्याने त्यांनी बाहीला घाईघाईने चार टाके घातले आणि सोमवारची वाट पाहिली.

सोमवारी जेवणाच्या वेळेला मोठे डॉक्टर आले. लेक कामावर न जाता थांबली होती. काकांपुढे ताट ठेवले गेले. त्यांनी उजवीकडचा भात आणि अंडे चवीने संपवले, चमचा खाली ठेवला आणि डॉक्टरांकडे पाहिले. ‘बघितलंत, साहेब? एवढ्यावर शिंपी जगतो का?’

ताटात भाजी आणि केळे तसेच होते. लेक काही बोलणार, तेवढ्यात बाईंनी पाठीमागचा एक हात पुढे आणला आणि ताट अर्धे फिरवले.

काका टक लावून पाहत राहिले. ‘हे कुणी वाढलं आत्ता?’

बाईंनी हात पुन्हा पाठीमागे नेला.

‘वाढायचं तर आधी वाढायचं ना,’ काका कुरकुरले. ‘भात संपल्यावर भाजी देतात का कुणी?’ आणि भाजीवर तुटून पडले.

मोठ्या डॉक्टरांनी या विकाराचे लांबलचक नाव तिथल्या तिथे सांगितले आणि मेंदूचा कोणता भाग दुखावला असता असे होते, तेही सांगितले. नाव त्यांना पाठ होते. ताट त्यांनी आज पाहिले. तक्रार करायचीच तर बाईंवरही करावी लागेल, कारण ताट त्यांनी रोज पाहिले होते. डॉक्टर मोकळ्या मनाने म्हणाले, की मग प्रश्न सुटला. ताट फिरवा, नाहीतर भरवा, आदेशात तसे लिहितो.

‘प्रश्न सापडलाय, साहेब. सुटला नाही अजून,’ बाई म्हणाल्या. ‘मी ताट फिरवलं तर ते इथे जेवतील. घरी कोण फिरवणार?’

डॉक्टरांनी लेकीकडे पाहिले. तिने मान हलवली. मग तिने बाईंना विचारले, ‘त्यांना शिकवता येईल?’

‘येईल. पण तुम्हालाही शिकावं लागेल.’

‘मला? काय?’

‘हात मागे ठेवायला.’

लेक डॉक्टरांकडे वळली आणि न्यायालयात शोभेल अशा स्वरात म्हणाली, की तिचा अर्ज बाबा घरी जाईपर्यंत तहकूब ठेवावा. आदेशही मग तहकूब झाला.

शिकवणी त्याच दिवशी सुरू झाली. बाईंनी काकांच्या गळ्यातला टेप काढून ताटाच्या डाव्या कडेला चिकटवला, पितळी टोक वरच्या कोपऱ्यात येईल असा. ‘काका, माप कुठून घेता?’

‘टोकापासून. मधूनच कुणी घेतं का?’

‘मग ताट मोजा. टोक सापडल्याशिवाय घास नाही.’

काकांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पहिले काही दिवस टोक सापडतच नसे. बाई टेबलाच्या डाव्या कडेवर टकटक करत, काका उजवीकडे शोधत. एकदा तर वैतागून चमचा भिरकावला, तो थेट मोतीबिंदूवाल्या आजोबांच्या पाण्याच्या पेल्यात जाऊन पडला. कधी जमे, दुसऱ्या दिवशी पार विसरत. पण शिंप्याच्या अंगात टोकापासून मोजण्याची सवय मेंदूपेक्षा खोल मुरलेली असते, आणि बाईंनी भिस्त ठेवली होती ती तिच्यावरच. हळूहळू काका ताट आले की मान डावीकडे नेऊ लागले, टोक दिसले की बोटाने त्याला टिचकी मारू लागले आणि मग तिथून उजवीकडे जेवत येऊ लागले. वॉर्डाची शिस्तही बदलली. हात मागे घेण्याआधी परिचारिकेने हा रुग्ण कुठे अडतो ते मोठ्याने सांगायचे, आणि सांगता आले नाही तर हात मागे न्यायचा नाही.

मोठ्या डॉक्टरांनी पुढे एका परिषदेत ‘आमच्या विभागातील एक अभिनव पद्धत’ म्हणून हेच मांडले. पडद्यावर ताटाचा आणि टेपचा मोठा फोटो होता, टाळ्याही झाल्या म्हणतात. बाईंना बोलावणे नव्हते. वॉर्डात कुणीतरी लागतेच. त्यावर त्यांनी एवढेच विचारले, की मग आता हा सिद्धांत आहे असे मानायला हरकत नाही ना?

पण ते नंतरचे. काका घरी जाण्याच्या दिवशी दुपारचे ताट आले तेव्हा लेक समोर उभी होती. टेप ताटाला होता, पण टकटक करणारे कुणी नव्हते. काकांनी भातात चमचा घातला. केळे डावीकडे होते, लेकीच्या हातापासून वीतभर. तिचा हात उठला, अर्ध्यात थांबला आणि तिने तो दुसऱ्या हाताने पाठीमागे घट्ट धरून ठेवला. काकांचा चमचा थांबला. मान सावकाश डावीकडे गेली. पितळी टोकावर टिचकी बसली. मग भाजी, मग केळे. ‘जास्त पिकलंय,’ एवढा शेरा मारून त्यांनी ते संपवले.

ताट बाजूला सारून त्यांनी बाईंकडे पाहिले आणि त्यांची नजर बाईंच्या उजव्या खांद्यावर जाऊन स्थिरावली.

‘सिस्टर, या बाहीला टाके कुणी घातले? डॉक्टरनं?’

‘मीच घातले,’ बाई म्हणाल्या.

‘तरीच. काढा तो कोट. सुई आणा.’ काकांनी उजवा हात पुढे केला, मग मांडीवर पडलेल्या डाव्या हाताकडे पाहिले आणि लेकीला म्हणाले, ‘पोरी, तू नुसतं कापड धर. टाका मी घालतो.’

हात पाठीशी तसेच धरून लेकीने बाईंकडे पाहिले. बाईंनी मान डोलावली. तिने एकच हात पुढे आणला आणि कापड धरले, तेवढेच.